डेव्ह गॅलाहर : एका कर्णधाराची कारकीर्द

आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांवर क्रिकेट, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल या खेळांची चलती असते. रग्बीचे नाव निघाले तर ‘तो गोऱ्यांचा दांडगाईचा खेळ’ एवढेच कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. वास्तविक हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे खेळला गेला आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश १८७९ पासून ज्या चषकासाठी झुंजत आले आहेत त्याचे नावच कलकत्ता कप. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब बंद करण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या गंगाजळीतले चांदीचे रुपये वितळवून तो चषक घडवला गेला. त्याच्या झाकणावर हत्ती आहे आणि मुठींच्या जागी नाग. परंतु खेळाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची सवय आपल्याला कमीच, आणि म्हणून रग्बीच्या इतिहासातील एक मोठे नाव आपल्याला बहुधा ऐकूनही माहीत नसते. ते नाव म्हणजे न्यूझीलंडचा डेव्ह गॅलाहर.

गॅलाहर हा आपल्या काळातील सर्वांत चपळ किंवा सर्वांत नेत्रदीपक खेळाडू नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तो अवघे सहा कसोटी सामने खेळला. न्यूझीलंडच्या वतीने त्याने खेळलेले एकूण सामने ३६. आजच्या हिशेबाने ही संख्या किरकोळ वाटेल. तरीही न्यूझीलंडच्या रग्बीचा इतिहास लिहिताना त्याच्यावाचून कोणाला पुढे जाता येत नाही. असे का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

डेव्हचा जन्म ३० ऑक्टोबर १८७३ रोजी आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातील रॅमेल्टन या गावी झाला. वडील जेम्स दुकानदार होते आणि पत्नीपेक्षा वयाने पुष्कळच मोठे होते. आई मारिया शिक्षिका होती. १८७८ मध्ये हे कुटुंब ‘लेडी जोसेलिन’ या जहाजाने न्यूझीलंडला गेले. तेथे बे ऑफ प्लेन्टी भागात कटिकटी नावाची आयरिश लोकांची वसाहत स्थापन होत होती, तिथे त्यांना जमीन मिळाली. नव्या देशात येताना आडनावातले एक अक्षर गळाले आणि ‘गॅलाघर’चा ‘गॅलाहर’ झाला. जमिनीवर मात्र पोट भरेना. अखेर आईने वसाहतीच्या शाळेत नोकरी धरली आणि तिच्या पगारावर घर चालू लागले. १८८७ मध्ये ती वारली, तेव्हा डेव्ह तेरा वर्षांचा होता. त्याची शाळा तिथेच सुटली. थोड्याच वर्षांत मंडळी ऑकलंडला आली. पुढे डेव्हने पिठाच्या गिरणीत आणि नंतर मांस गोठवण्याच्या कारखान्यात मजुरी केली. जनावरांची अख्खी धुडे उचलून ठेवण्याचे ते काम होते. वेगळ्या व्यायामशाळेची त्याला गरज पडली नाही यात नवल नाही.

१८९५ च्या सुमारास तो ऑकलंडच्या पॉन्सनबी क्लबात दाखल झाला आणि १८९६ मध्ये प्रांताच्या संघात आला. जानेवारी १९०१ मध्ये तो बोअर युद्धावर गेला आणि दक्षिण आफ्रिकेत घोडदळाच्या तुकड्यांतून लढून १९०२ मध्ये परतला. सैन्यात भरती होताना त्याने आपले जन्मवर्ष १८७६ असे सांगितले, म्हणजे वय तीन वर्षांनी कमी केले. या गोष्टीची वाचकांनी नोंद घ्यावी, कारण तो आकडा त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला. परतल्यावर त्याला न्यूझीलंडच्या संघात स्थान मिळाले. न्यूझीलंडचा पहिलावहिला कसोटी सामना १५ ऑगस्ट १९०३ रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला आणि २२-३ असा जिंकला गेला, त्यात तो होता. त्या वेळी त्याचे खरे वय एकोणतीस होते. रग्बीसारख्या खेळात या वयात माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात.

पुढचे समजण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळता येते, पण हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्याकडे द्यायचा तर बाजूला किंवा मागे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. त्या काळी त्याचे तीन गुण मिळत. लहानसहान नियमभंगानंतर खेळ पुन्हा सुरू करताना ‘स्क्रम’ होतो. दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा लावून, वाकून, एकमेकांना रेटतात आणि मधे टाकलेला चेंडू पायाने मागे ओढण्याचा प्रयत्न करतात. दहीहंडीचे दोन थर आडवे करून एकमेकांवर ढकलावेत, तसे काहीसे ते दृश्य असते.

इंग्लंडमध्ये या स्क्रमला तेव्हा शिस्त अशी फारशी नव्हती. जो आधी पोचेल तो पहिल्या ओळीत डोके घाली, मागून येणारे मागे लागत. आठही जणांनी सारखेच काम करायचे. न्यूझीलंडने मात्र प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाचे काम ठरवून टाकले होते. त्यांच्या स्क्रममध्ये सातच जण असत. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. ही पाचरीसारखी रचना असल्याने सात जणांचा रेटा आठांना भारी पडे आणि चेंडू झटकन मागे निघे. आठवा मोकळा राही, तो ‘विंग फॉरवर्ड’. तो स्क्रममध्ये चेंडू टाकी आणि मग कडेला उभा राहून, मागे चेंडू उचलणाऱ्या आपल्या गड्याला प्रतिपक्षापासून आडोसा देई. ही जागा रूढ करण्याचे श्रेय टॉम एलिसन या माओरी खेळाडूला दिले जाते. १८९३ च्या न्यूझीलंड संघाचा तो कर्णधार होता. गॅलाहर आरंभी पहिल्या ओळीत खेळे, पुढे तो विंग फॉरवर्ड झाला आणि हीच जागा त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली.

१९०५ साली न्यूझीलंडचा संघ प्रथमच अधिकृतपणे इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. आपल्याकडे वंगभंगाचे वादळ उठले होते ते हेच वर्ष. कर्णधार गॅलाहर, उपकर्णधार बिली स्टेड आणि व्यवस्थापक जॉर्ज डिक्सन. स्टेड हा दक्षिणेकडील, माओरी वंशाचा, व्यवसायाने जोडे बनवणारा. ‘रिमुताका’ जहाजावरचा प्रवास जवळजवळ सहा आठवड्यांचा होता, आणि या प्रवासातच संघ फुटण्याची वेळ आली. ऑकलंडच्या खेळाडूंना झुकते माप मिळते, असा दक्षिणेकडील काही जणांचा समज होता. शिवाय कर्णधार खेळाडूंनी निवडायचा सोडून वरून नेमला गेला, ही आणखी एक तक्रार. हे कानांवर येताच गॅलाहरने कर्णधारपद सोडण्याची तयारी दाखवली. त्याच्यामागोमाग स्टेडनेही तेच केले. डिक्सनने राजीनामे स्वीकारले नाहीत, पण प्रश्न मताला टाकण्यात आला. २९ पैकी १७ जणांनी नेमणुकांना पाठिंबा दिला.

सतरा हे बहुमत खरे, पण ते काही मोठे बहुमत नव्हे. बारा माणसे आपल्या बाजूला नाहीत हे ठाऊक असताना गॅलाहरने पुढचे सहा महिने संघ चालवला. मला स्वतःला त्याच्या कारकिर्दीतला हा भाग कोणत्याही विजयापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपले पद सोडता येते त्याचेच ऐकायला लोक तयार होतात, हे त्या जहाजावर दिसून आले. किनाऱ्याला लागेपर्यंत डेकवरचा सराव नियमित चालू झाला होता.

१६ सप्टेंबर १९०५ रोजी एक्सेटर येथे डेव्हन परगण्याविरुद्ध पहिला सामना झाला. न्यूझीलंडने तो ५५-४ असा जिंकला. तारेने आलेले हे आकडे पाहून काही वृत्तपत्रांना चूक झाल्यासारखे वाटले आणि एकाने तर ५५ गुण डेव्हनच्या नावावर छापले, असे सांगितले जाते. चूक नव्हती हे आठवडाभरात साऱ्यांना कळले. त्यानंतर विजयामागून विजय आले. स्कॉटलंडविरुद्ध १२-७. आयर्लंडविरुद्ध १५-०, पण पायाच्या दुखापतीमुळे जन्मभूमीच्या संघाविरुद्ध गॅलाहर खेळू शकला नाही. २ डिसेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर इंग्लंडविरुद्धही १५-०, आणि त्यातले चार ट्राय एकट्या डंकन मॅकग्रेगरचे. काळा गणवेश आणि त्यावर रुपेरी नेच्याचे पान ही खूण आधीपासूनच होती, मात्र ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते या दौऱ्यात.

हे यश कशाचे, यावर इंग्लंडमध्ये मोठा ऊहापोह झाला. त्यामागची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. बोअर युद्धाच्या भरतीत शहरातील कामगार वर्गातले पुष्कळ तरुण शारीरिकदृष्ट्या नापास झाले होते, आणि राष्ट्राचा शारीरिक ऱ्हास होतो आहे काय, याची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९०४ मध्ये नुकताच आला होता. त्यामुळे वसाहतीतून आलेले हे धिप्पाड तरुण पाहून ‘मोकळी हवा, भरपूर मांसाहार, शेतावरचे आयुष्य’ असा खुलासा अनेकांनी केला. न्यूझीलंडचे पंतप्रधान सेडन यांनाही तो फार आवडला. खुलासा अगदीच चुकीचा नसेल, पण मला तो अपुरा वाटतो. खुद्द कर्णधारच शहरातल्या कारखान्यातला मजूर होता. यशाचे खरे कारण पद्धतीत होते. सामन्याच्या दिवशी प्रत्येकाने तासभर शांत बसून येणाऱ्या खेळाचा विचार करावा, असा गॅलाहरचा आग्रह असे. कोणाविरुद्ध कोणती चाल खेळायची हे आधी ठरे. हौशी खेळ म्हणजे वेळेवर मैदानात उतरून रंगात येईल तसे खेळणे, अशी ज्यांची समजूत होती त्यांना हा प्रकार जवळजवळ धंदेवाईक वाटला. त्यात खेळाडूंना दररोज तीन शिलिंग हातखर्च मिळे, हेही काहींच्या डोळ्यांत खुपले.

सर्वांत जास्त टीका झाली ती मात्र खुद्द गॅलाहरवर. विंग फॉरवर्ड चेंडू टाकतो आणि मग प्रतिपक्षाच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे हा सरळसरळ अडथळा आहे, ही फसवणूक आहे, असा ओरडा वृत्तपत्रांतून झाला. तो पायांवर नडगीरक्षक बांधून उतरे, त्यामुळे गर्दीत तो लगेच ओळखू येई आणि प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. आरोपात तथ्य किती? नियमाच्या अक्षराप्रमाणे तो बहुधा निर्दोष ठरे, नियमाच्या हेतूचा विचार केला तर शंकेला जागा राहते. पंचागणिक निकाल बदलत. ही कुरबुर त्याच्याबरोबर संपलीही नाही. १९३० मध्ये ब्रिटिश संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा त्याचे व्यवस्थापक जेम्स बॅक्स्टर यांनी विंग फॉरवर्डवर जाहीरपणे फसवणुकीचा ठपका ठेवला. पुढे पहिल्या ओळीत तीन खेळाडू असण्याचे बंधन आले आणि ही जागाच इतिहासजमा झाली. एखाद्या माणसाला नियमबाह्य ठरवता आले नाही, तेव्हा नियम बदलून त्याची जागाच काढून टाकावी लागली, असेही म्हणता येईल.

आता त्या एकमेव पराभवाकडे वळू. सलग २७ सामने जिंकून, ८०१ गुण करून आणि अवघे २२ देऊन न्यूझीलंडचा संघ १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफला वेल्ससमोर उभा राहिला. सुमारे ४७,००० प्रेक्षक हजर होते. पाहुण्यांनी ‘हाका’ हे माओरी आव्हाननृत्य केले तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत सुरू केले आणि सारे मैदान त्यात सामील झाले. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत गाण्याची प्रथा येथूनच पडली असे मानतात. न्यूझीलंडचा स्टेड त्या दिवशी खेळू शकला नाही, आणि संघ थकलेलाही होता. उलट वेल्सने अभ्यास पक्का केला होता. न्यूझीलंडप्रमाणेच त्यांनी एक गडी स्क्रममधून मोकळा काढला. पूर्वार्धात त्यांच्या डिकी ओवेनने उजवीकडे धावण्याचा देखावा करून सारा बचाव त्या बाजूला ओढला आणि अकस्मात डावीकडे चेंडू फेकला. प्रिचर्डकडून गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे आणि मॉर्गन थेट कोपऱ्यात. तीन गुण. दुसऱ्याची पद्धत शिकून त्याच्यावरच ती उलटवणे यालाही मोठी बुद्धी लागते. पाहुण्यांच्या चाहत्यांनी याचे श्रेय वेल्सला मोकळेपणाने दिले नाही, हे खेदाने म्हणावे लागेल.

पंच जॉन डॅलस हे स्कॉटिश गृहस्थ नेहमीच्या कपड्यांत आले होते. चेंडू टाकण्यावरून त्यांनी गॅलाहरला वरचेवर दंड केला. इतका, की अखेर स्क्रममध्ये चेंडूसाठी झटूच नका असे त्याने आपल्या माणसांना सांगितले, अशी हकीकत आहे. उत्तरार्धात एकवीस वर्षांचा बॉब डीन्स रेषेपर्यंत पोचला. चेंडू आपण रेषेपलीकडे टेकवला होता आणि मग आपल्याला मागे खेचले गेले, असे त्याचे म्हणणे. मागून धावत आलेल्या डॅलसना चेंडू रेषेच्या अलीकडे दिसला. ट्राय नाकारला गेला आणि सामना ३-० असा वेल्सने जिंकला. डीन्सने ‘डेली मेल’ला तार करून आपला दावा मांडला. वाद आजतागायत मिटलेला नाही. बिचारा डीन्स १९०८ मध्ये आंत्रपुच्छाच्या विकाराने चोविसाव्या वर्षीच गेला.

कर्णधाराची परीक्षा अशा वेळी होते. गॅलाहरने पंचांबद्दल तक्रारीचा सूर लावला नाही. सामना उत्तम झाला आणि सरस संघ जिंकला, अशा आशयाचे त्याने सांगितले. त्याच्या अंगावरचा त्या दिवसाचा काळा जर्सी वेल्सकडेच राहिला. २०१५ मध्ये कार्डिफला झालेल्या लिलावात त्याला १,८०,००० पौंड किंमत आली. हा मजूर माणूस तो आकडा ऐकून काय म्हणाला असता कोण जाणे.

पराभवानंतरचे चौदा दिवस मात्र इतिहासकार घाईने उरकतात, ते मला पटत नाही. वेल्सच्याच भूमीवर आणखी चार सामने बाकी होते, संघ जायबंदी होता आणि एक पराभव दिसल्यावर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला चेव चढला होता. ग्लॅमॉर्गनविरुद्ध ९-०, न्यूपोर्टविरुद्ध ६-३, कार्डिफविरुद्ध १०-८, स्वॉन्झीविरुद्ध ४-३. चारही विजय, पण डेव्हनच्या ५५ गुणांच्या तुलनेत किती निसटते! खचलेला संघ यांतला एक तरी सामना हरला असता. १ जानेवारी १९०६ रोजी पॅरिसला फ्रान्सविरुद्ध ३८-८ असा विजय मिळाला. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिलाच कसोटी सामना आणि गॅलाहरचा शेवटचा. वाटेत अमेरिकेत आणखी दोन सामने खेळून मंडळी मार्चमध्ये घरी परतली. एकूण सामने ३५, विजय ३४. केलेले गुण ९७६, दिलेले ५९.

दौरा संपता संपता गॅलाहर आणि स्टेड यांनी मिळून न्यूझीलंडच्या रग्बी पद्धतीवर तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखनाचा बराचसा भार स्टेडने उचलला आणि आकृत्या, तक्ते यांत गॅलाहरचा हात होता. प्रत्येकी पन्नास पौंड मानधन मिळाले. डावपेच, सराव, स्क्रमची रचना, संघटन या साऱ्यांचा त्यात इतका बारकाईने विचार आहे, की जिंकून आलेल्या माणसांनी आपली विद्या अशी उघड करून प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यावी याचे नवल वाटते. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला मजूर आणि जोडे बनवणारा कारागीर हे त्या ग्रंथाचे कर्ते होते, हे आपण पदवीच्या वाटेवर असलेल्यांनी विसरू नये.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतील. ऑक्टोबर १९०६ मध्ये त्याने नेली फ्रान्सिसशी विवाह केला. १९०८ मध्ये मुलगी झाली. त्याने निवृत्ती पत्करली आणि तो निवड समितीवर गेला. ऑकलंडसाठी १९१६ पर्यंत आणि राष्ट्रीय संघासाठी १९०७ ते १९१४. दौऱ्यातले त्याचे सोबती जॉर्ज स्मिथ, मॅकग्रेगर, मॅक्रेल आणि जॉन्स्टन हे १९०७ मध्ये धंदेवाईक संघातून पुन्हा इंग्लंडला गेले. एकीकडे दौऱ्यातून संघटनेने चांगला पैसा मिळवला होता, दुसरीकडे खेळाडूंच्या वाट्याला रोजचे तीन शिलिंग आले होते. मग ज्याला पोट आहे त्याने पैशाच्या खेळाकडे वळू नये काय? गॅलाहर मात्र हौशी खेळातच राहिला आणि कारखान्यात मुकादमी करीत राहिला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. वयामुळे सक्तीच्या भरतीतून त्याला सूट होती. तरीही मे १९१६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःहून नाव नोंदवले. भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी तो गेला असे पुष्कळदा लिहिले जाते, पण तारखा तसे सांगत नाहीत. धाकटा भाऊ डग्लस ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातून लढताना ३ जून १९१६ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. तोवर डेव्हचे नाव नोंदले गेले होते आणि तो बोलावण्याची वाट पाहत होता. सूडाची कथा ऐकायला सोयीची आहे एवढेच. आठ वर्षांची मुलगी घरी असताना, कोणी बोलावलेले नसताना एक मनुष्य दुसऱ्यांदा युद्धावर का जातो, हा प्रश्न तिने सुटत नाही. पहिल्या युद्धातला सैनिक त्याच्यात जिवंत असेल. ज्यांची आपण निवड केली ती पोरे खंदकात आहेत, ही टोचणीही असेल. हा केवळ माझा तर्क आहे.

फेब्रुवारी १९१७ मध्ये तो जहाजाने निघाला. ऑकलंड रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये तो सार्जंट होता. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये पॅशेंडेलच्या मोहिमेतील ब्रूडसाइंडची लढाई झाली आणि न्यूझीलंडच्या सैन्याने ग्राफेनस्टाफेलच्या उंचवट्यावर चढाई केली. लष्करी भाषेत हा दिवस यशाचा. त्या यशापायी न्यूझीलंडचे ३२० हून अधिक सैनिक एका दिवसात गेले. तोफगोळ्याचा एक तुकडा गॅलाहरचे शिरस्त्राण भेदून डोक्यात शिरला आणि त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन लष्करी उपचार केंद्रात त्याचा अंत झाला. आठ दिवसांनी तिथेच दुसरा हल्ला झाला, त्यात आठशेहून अधिक न्यूझीलंडवासी मारले गेले. एप्रिल १९१८ मध्ये गॅलाहरांचा आणखी एक भाऊ, हेन्री, फ्रान्समध्ये पडला.

ऑकलंडच्या क्लबांच्या स्पर्धेत १९२२ पासून गॅलाहरच्या नावाची ढाल दिली जाते. फ्रान्स आणि न्यूझीलंड यांच्यातील लढतीसाठी २००० पासून त्याच्या नावाचा चषक आहे. डोनेगलमधील लेटरकेनी क्लबाने आपल्या मैदानाला त्याचे नाव दिले आहे, आणि ऑकलंडच्या ईडन पार्कसमोर २०११ पासून त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. त्याला पुरले ते पॉपरिंगेजवळच्या नाइन एल्म्स स्मशानभूमीत. दगडावर नेच्याचे पान कोरलेले आहे आणि वय एक्केचाळीस लिहिलेले आहे. खरे वय त्रेचाळीस होते, आणखी सव्वीस दिवसांनी चव्वेचाळीस पुरे झाले असते.